'पोर्तुगीज एकच, फरक फक्त उच्चारांचा' म्हणे!

हा दावा पुन्हा पुन्हा फॉरवर्ड होऊन येतो. पोर्तुगालचं लिस्बन काय नि ब्राझीलचं रिओ काय, भाषा तीच, वाक्प्रचारही तेच. वेगळे शब्द असलेच तर गल्लीबोळातले. आणि पोर्तुगीजभाषी देशांच्या 1990च्या करारानं तेही मिटलं.

आधी उच्चारांचं बघू. पोर्तुगालमध्ये 'रापारिगा' म्हणजे साधी मुलगी. ब्राझीलमध्ये, विशेषतः ईशान्येकडे, तोच शब्द वेश्येसाठी वापरतात. उच्चार कितीही घोटा, समोरचा भडकायचा तो भडकणारच.

बरं, असे शब्द गल्लीबोळातलेच का? 'प्रोपिना' पोर्तुगालच्या विद्यापीठात फी असते, ब्राझीलच्या वर्तमानपत्रात लाच. 'पोराची प्रोपिना भरून आलो' असं पोर्तुगीज बाप चारचौघांत सांगेल. ब्राझीलचा माणूस आधी आजूबाजूला कोण आहे ते बघेल. 'अपेलिदो' पोर्तुगालमध्ये आडनाव, ब्राझीलमध्ये टोपणनाव. गोव्यातून पोर्तुगीज कागदपत्रांच्या मागे लागलेल्यांनी हे ध्यानात ठेवावं, कारण मोबाइलवर शिकतो ती बरेचदा ब्राझीलची भाषा असते. आडनावाच्या रकान्यात 'बाळू' लिहून बसाल!

करार झाला, खरं आहे. पण तो शुद्धलेखनाचा. अर्थाला त्यानं हातही लावला नाही. उलट गंमत अशी की 'रिसेप्शन'साठीचा शब्द आधी दोन्हीकडे सारखाच लिहीत. ब्राझीलमध्ये त्यातला 'प' ऐकू येतो, पोर्तुगालमध्ये तो मूक. करारानं मूक अक्षरं गाळली, पोर्तुगालचा 'प' गेला, ब्राझीलचा राहिला. एक होतं त्याचे दोन झाले.

वाक्प्रचार सारखे असतात, हे अर्धं खरं. 'जहाजं बघत राहणे' म्हणजे हात चोळत बसणे, हे दोन्हीकडे कळतं. पण घोटाळ्याच्या चौकशीतून काहीच निघालं नाही की 'सगळं पिझ्झ्यात संपलं' म्हणणार तो ब्राझीलचा. आपण लोणी लावतो, पोर्तुगालमध्ये बुटाचं पॉलिश लावतात, ब्राझीलमध्ये पोतं ओढतात. 'माता-बिशो', शब्दशः किडा मारणे, हा पोर्तुगालमध्ये सकाळी उपाशीपोटी घेतलेला दारूचा घोट. आफ्रिकेतल्या पोर्तुगीजभाषी अंगोला-मोझांबिकमध्ये तोच शब्द रोजच्या न्याहारीला आहे, पोरांच्यासुद्धा. या दोन देशांना दाव्यात कुणी धरतच नाही.

आणि एका देशात तरी एकच भाषा आहे का? ब्राझीलमध्येच कसाव्याच्या कंदाला साओ पाउलोत 'मांदिओका', रिओत 'आइपिं', ईशान्येला 'माकाशेरा' म्हणतात. लिस्बनमधली कपभर 'बिका', म्हणजे एस्प्रेसो कॉफी, पोर्तुगालच्याच पोर्तो शहरात जुनी माणसं 'सिंबालिनो' म्हणून मागवतात.