खुलासा: ‘शब्दांना 7 टक्केच किंमत’ हा मेसेज चुकीचा आहे

आपल्या इंदूरच्या मराठी ग्रुपवर फिरतंय की मुलाखतीत प्रेक्षक नेत्याचे शब्द 7 टक्केच धरतात; 38 टक्के आवाज, 55 टक्के चेहरा. हे खरं नाही. आकडे मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट मेहराबियन यांच्या 1967च्या प्रयोगांतले. तिथे नेता नव्हता, मुलाखतही नव्हती. ‘मेबी’सारखा एकच सुटा शब्द वेगवेगळ्या सुरांत ऐकवला, चेहऱ्यांचे फोटो दाखवले आणि विचारलं, बोलणाऱ्याला समोरचा आवडतो की नाही? एवढंच. आवड-नावडीपलीकडे हे समीकरण लागू नाही, असं मेहराबियन यांनी स्वतःच सांगितलंय. चेहऱ्याचा प्रभाव पडतो, नाकारत नाही. पण नळाला नर्मदेचं पाणी एक दिवसाआड का, यावर नेता नुसता गोड हसला, तर राजवाड्यावर पोहे खाणारासुद्धा म्हणतो, “उत्तर कुठंय?” कृपया तो मेसेज पुढे पाठवू नका.