ऑफरमधले चार टायर आणि वहिनींची डायरी

आज सकाळी शेजारच्या वहिनी डायरी घेऊन आल्या. गाडी घेतल्यापासून दर वेळी टाकी फुल केली की त्या किलोमीटर आणि लिटर लिहून ठेवतात. वर्षानुवर्षं 21 च्या आसपास असलेलं अ‍ॅव्हरेज दोन महिन्यांपासून 19 वर आलंय. एअर फिल्टर बदलून झाला, स्पार्क प्लग बदलून झाले, पेट्रोलवरही संशय घेऊन झाला. त्याच सुमाराला डायरीत एक नोंद दिसली: "चार टायर, ऑफरमध्ये." खाली जाऊन टायर पाहिले आणि डोकंच फिरलं.

गाडीचा मूळ साइज 165/80 आर 14 (रुंदी 165 मिलिमीटर, उंची तिच्या 80 टक्के, रिम 14 इंची), पुढे 85 टी, म्हणजे वजन आणि वेगाची मर्यादा. बसवलेत 185/70 आर 14. टायरवाला म्हणाला म्हणे, अरुंद टायर शिल्लक नाही, हा रुंद घ्या, पकड चांगली आणि वर स्वस्तात मिळतोय. तारखेचे आकडे पाहिले तर माल चार वर्षांपूर्वीचा. दरवाजाच्या खांबावरच्या स्टिकरवर हवेचा दाब 36 पीएसआय लिहिलाय, थंड टायरमध्ये भरले फक्त 27. अलाइनमेंट, म्हणजे चाकं सरळ रेषेत जुळवणं, केलीच नाही, कारण ती "ऑफरमध्ये बसत नव्हती". एका बाईने अ‍ॅव्हरेजसाठी निवडून घेतलेली गाडी, आणि तिच्या गळ्यात दुकानात पडून राहिलेला माल मारला!

आपण सगळे अ‍ॅव्हरेज बघूनच गाडी घेतो ना? मग टायर घेतानाच ते का विसरतो? टायरचा हिशेब बिलावर संपत नाही, तो टाकीत चालू राहतो. 40,000 किलोमीटर धरा. 21 च्या अ‍ॅव्हरेजला साधारण 1905 लिटर लागतात, 19 ला 2105. म्हणजे 200 लिटर जादा. ऑफरमध्ये वाचलेले पैसे या 200 लिटरशेजारी मांडून बघा.

सगळा दोष त्या टायरांचा नाही, हेही सांगायला हवं. नवीन टायरवर अ‍ॅव्हरेज थोडं कमीच दिसतं. नवीन टायरची नक्षी साधारण 8 मिलिमीटर खोल असते, गोटा झालेल्या टायरची 2. त्रिज्येत 6 मिलिमीटरचा फरक म्हणजे घेरात जवळजवळ 38. नवीन चाक एका फेऱ्यात जास्त अंतर जातं, पण मीटर फेरे मोजतं, त्यामुळे तेवढ्याच रस्त्याला ते जवळपास 2 टक्के कमी किलोमीटर दाखवतो. शिवाय जाड नक्षी जास्त दबते आणि जास्त ऊर्जा खाते. पण वहिनींचा बदललेला साइज उंचीला मूळपेक्षा किंचित लहान, त्यामुळे मीटरचा फरक जेमतेम 1 टक्का येतो. हवेचं म्हणाल तर सरासरी 1 पीएसआय कमी झाला की अ‍ॅव्हरेज साधारण 0.2 टक्के घटतं, म्हणजे 9 पीएसआयचे जवळजवळ 2 टक्के. दोन्ही मिळून 3 टक्के झाले. घट आहे साडेनऊ टक्क्यांची! उरलेली रुंदी, रबर आणि न जुळवलेल्या चाकांच्या खात्यावर जाते.

रबराचं आधी सांगते, कारण इथेच सगळ्यात जास्त फसवणूक होते. टायर रस्त्यावर टेकला की दबतो आणि सुटला की पूर्ववत होतो. दबताना घेतलेली सगळी ऊर्जा तो परत देत नाही, काही उष्णता होऊन जाते. हाच रोलिंग रेझिस्टन्स. तो 10 टक्क्यांनी कमी झाला तर इंधन 1 ते 2 टक्के वाचतं. मिशेलिनने 1992 मध्ये रबरातल्या काजळीच्या जागी बऱ्याच प्रमाणात सिलिका (वाळूतला घटक) घातलेला टायर आणला, तेव्हापासून कमी रेझिस्टन्स आणि ओल्या रस्त्यावरची पकड एकत्र मिळू लागली. जुन्या काळी इंधन वाचवणारे टायर पावसात घसरायचे, हे खरं आहे, पण ती तक्रार आज जशीच्या तशी लागू होत नाही. युरोपात मे 2021 पासूनच्या लेबलवर ए ते ई असे वर्ग आहेत. कारच्या टायरसाठी इंधनाच्या बाबतीत ए म्हणजे टायरवरच्या एका टन भारामागे 6.5 किलोपर्यंत रेझिस्टन्स, ई म्हणजे 10.6 किंवा जास्त. ओल्या रस्त्यावरच्या पकडीला वेगळा वर्ग असतो, आणि दोन्ही एकत्रच बघायचे. मॉडेल एकच असलं तरी साइजनुसार वर्ग बदलतो, म्हणून आपल्याच साइजचं लेबल शोधा.

आणखी एक. गाडीसोबत कारखान्यातून आलेला टायर आणि दुकानात त्याच नावाने मिळणारा टायर नेहमी एकच असेल असं नाही. गाडीची कंपनी अ‍ॅव्हरेजसाठी वेगळं रबर, कधी कमी खोल नक्षी मागून घेते. "तोच टायर द्या" एवढं बोलून भागत नाही. जुन्या टायरच्या साइडवॉलवरची, म्हणजे बाजूच्या भिंतीवरची, सगळी अक्षरं, नावाशेजारची छोटी खूणसुद्धा, मोबाइलमध्ये टिपून न्या.

आता दरात सूट कशी मिळवायची. सगळ्यात मोठी चूक म्हणजे टायर गोटा झाल्यावर दुकानात जाणं. नक्षीच्या खाचांत आडव्या छोट्या पट्ट्या असतात, त्या 1.6 मिलिमीटरची खूण. नक्षी तिथपर्यंत झिजली की गरज तुमची, दर त्यांचा. 3 मिलिमीटर उरली असतानाच शोध सुरू करा. हातात काही आठवडे असले की सेलची वाट बघता येते, दुसरीकडून मागवता येतं आणि "साइज शिल्लक नाही" म्हणणाऱ्याला "आल्यावर कळवा" सांगून बाहेर पडता येतं. वहिनींचे पुढचे दोन टायर पट्टीला टेकले होते. पाऊस तोंडावर होता. त्या काय घासाघीस करणार?

दर विचारताना किमान तीन ठिकाणी अगदी एकच प्रश्न विचारा: हा साइज, हा लोड आणि स्पीड इंडेक्स, हे पूर्ण मॉडेल, उत्पादनाचा आठवडा कोणता आणि गाडी जॅकवरून खाली येईपर्यंत एकूण किती? टायरचा आकडा लहान सांगायचा आणि बसवणूक, बॅलन्सिंगची वजनं, वॉल्व्ह, अलाइनमेंट, जुने टायर उचलणं हे वेगळं लावायचं, हा नेहमीचा खेळ. नायट्रोजनला वेगळे पैसे देऊ नका. साध्या हवेत 78 टक्के नायट्रोजनच असतो. तीन टायरच्या पैशात चार असं कुणी म्हणालं तर एकूण बिलाला चाराने भागा आणि मगच तुलना करा. जुन्या टायरची नक्षी शिल्लक असेल तर त्याची किंमत बिलातून वजा करायला सांगा, विसरू नका.

लोड इंडेक्स मूळपेक्षा कमी कधीच नको. 85 म्हणजे एका टायरला 515 किलो, 82 म्हणजे 475. टी म्हणजे ताशी 190 किलोमीटर. कंपनीने तुमच्या मॉडेलला दुसरा साइज मंजूर केला असेल तर तो जरूर घ्या, कधी कधी तोच जास्त खपतो म्हणून स्वस्त पडतो. रुंद टायरने वळणावर पकड वाढते, मान्य. पण ती पकड बचतीच्या गाडीला रोजच्या रस्त्यावर किती लागते?

तारीख. डीओटीने सुरू होणाऱ्या क्रमांकातले शेवटचे चार आकडे बघा. 3221 म्हणजे 2021 सालचा 32वा आठवडा. हे चार आकडे बहुधा टायरच्या एकाच बाजूला असतात, आणि ती बाजू आतल्या अंगाला गेली की तुम्हाला दिसत नाहीत. म्हणून टायर रिमवर चढण्याआधी चारही वाचायचे. नीट ठेवलेला सहा-आठ महिन्यांचा टायर बिनधास्त घ्या, वर्षाच्या पुढचा असेल तर दर पाडून मागा. चार वर्षांचा नको, कितीही सूट दिली तरी. अनेक कंपन्या बनल्यापासून 10 वर्षं ही कमाल मर्यादा सांगतात. वहिनींच्या टायरांची चार वर्षं दुकानातच गेली, आणि त्यांचं रनिंग कमी आहे. नक्षी झिजायच्या आधी रबर कडक होऊन चिरा पडतील.

दोनच टायर परवडत असतील तर दोनच घ्या, त्यात कमीपणा नाही. फक्त नवीन जोडी मागे बसवा, गाडी पुढच्या चाकांवर ओढणारी असली तरीही. ओल्या रस्त्यावर मागची पकड आधी सुटली तर गाडी गरकन फिरते आणि सावरणं फार अवघड जातं. चारही एकदम संपावेत असं वाटत असेल तर दर 8 ते 10 हजार किलोमीटरला पुढचे-मागचे अदलाबदल करत राहा, मग सेटवरची सूट मिळते.

बसवताना रबरी वॉल्व्ह नवीन घ्या, तिथेच पैसे वाचवायला जाऊ नका. अलाइनमेंट त्याच दिवशी. टो, म्हणजे चाकांचा आत-बाहेरचा कल, बिघडलेला असेल तर टायर रस्त्यावर सतत थोडा तिरका घासला जातो, नक्षीला एका बाजूने करवतीसारखी धार येते आणि अ‍ॅव्हरेजही जातं. हवा स्टिकरप्रमाणे, टायर थंड असताना. साइडवॉलवरचा कमाल दाबाचा आकडा हवा भरायचा आकडा नसतो. 50 ते 100 किलोमीटर झाले की नट टॉर्क पान्याने (ठरावीक जोरानेच आवळणारा पाना) पुन्हा तपासून घ्या. पहिले काहीशे किलोमीटर ब्रेक जरा लवकर लावा, नवीन रबराचा वरचा थर गुळगुळीत असतो.

सकाळी त्या टायरवाल्याशी भांडायला जायचं ठरवलं होतं. वहिनीच म्हणाल्या, "जाऊ दे, मीच वाचायला हवं होतं." हे ऐकून जास्त वाईट वाटलं. साइडवॉलवर काय लिहिलंय हे त्यांना कुणी कधी सांगितलंच नव्हतं, आणि शेजारी राहून आपणही नाही. सध्या हवा 36 केली आहे, उद्या अलाइनमेंट. त्यातून 3-4 टक्के परत आले तरी पुष्कळ, बाकीचे त्या टायरसोबतच जातील. पुढच्या फुल टाकीचा आकडा त्या डायरीत लिहिणार आहेत, तो इथे कमेंटमध्ये टाकते. तुमच्यापैकी कुणी टायर बदलणार असेल तर पैसे देण्याआधी साइडवॉलचा आणि दरवाजावरच्या स्टिकरचा फोटो पाठवा. बघून सांगते, कितीही वाजले असले तरी.