चिमूटभर गव्हाने काय होतं?

माझ्या संकेतस्थळांच्या यादीवर सविस्तर प्रतिक्रिया लिहिलीत, आभार. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: सिलिॲक (गव्हातल्या ग्लूटेन या प्रथिनामुळे आतड्याला इजा होण्याचा आजार) असलेल्यांसाठी मी दिलेली संकेतस्थळं बहुतेक इंग्रजी, लातूर-सोलापूरकडच्या आईला त्यांचा काय उपयोग, ज्वारीची भाकरी आणि खपली गहू असताना हा खटाटोप कशाला, आणि शेवटी, "ताई, चिमूटभर गव्हाने काही होत नाही, गुगल वाचून डॉक्टर झालेल्या आयांनी उगाच बाऊ करू नये."

यादीत मराठी कमी आहे, मान्य. खपली हा गहूच, त्यातही ग्लूटेन असतं. तो विषय तिथेच संपला.

पण ते शेवटचं वाक्य! 'ताई' म्हणायचं आणि त्याच दमात आयांची अक्कल काढायची, ही कुठली रीत? माझ्या मुलीला तुम्ही पाहिलेलं नाही. चौथीत असताना ती दुसरीतली वाटायची. पोट फुगलेलं, हातपाय काटकुळे. लोहाची औषधं चालू, हिमोग्लोबिन जागचं हलत नव्हतं. जंताचं औषध झालं, दृष्ट काढून झाली, 'पोरीला धड खायला घालत नाही' हेही ऐकून झालं. टीटीजी-आयजीए या रक्ततपासणीबद्दल मी आधी वाचलं आणि मग डॉक्टरांना विचारलं. घरचे म्हणत होते, आधी गहू बंद करून बघ. मी केला नाही. ब्रिटनची सिलिॲक यूके आणि अमेरिकेतली सिलिॲक डिसीज फाउंडेशन, या दोन्ही संस्था बजावून सांगतात: तपासण्या होईपर्यंत गहू सोडू नका, नाहीतर ही तपासणी रक्तात ज्या अँटिबॉडीज शोधते त्या उतरतात आणि आजार असूनही रिपोर्ट निगेटिव्ह येऊ शकतो. कुठलंही पान उघडलं की मी आधी ही सूचना शोधते. ती नसेल आणि वर 'ग्लूटेन सोडा, वजन उतरवा' असेल, तर ते पान बंद. यादी अशी गाळून केलेली आहे. याला डॉक्टरकी म्हणायचं असेल तर म्हणा. एंडोस्कोपी करून निदान डॉक्टरांनीच केलं.

आता तुमची चिमूट. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या इटलीतल्या अभ्यासात सिलिॲकच्या रुग्णांना रोज फक्त ५० मिलिग्रॅम ग्लूटेन तीन महिने दिलं, तेवढ्यानेही आतड्याच्या अस्तराला इजा दिसली. साधारण अर्धा ग्रॅम गव्हाच्या पिठात तेवढं ग्लूटेन असतं. आपल्या एफएसएसएआय या अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या नियमातही 'ग्लूटेन-फ्री' लिहायला किलोमागे २० मिलिग्रॅमची मर्यादा आहे, ती उगाच नाही.

आणि तुमची ज्वारी दळता कुठे? गिरणीवाला गव्हाचा डबा उतरवतो आणि त्याच चक्कीत ज्वारी ओततो. आधी जे पीठ पडतं त्यात गहू असतोच. म्हणून आमच्याकडे घरघंटी आली, तिच्यात गहू जात नाही. हिंगाच्या डबीमागची बारीक अक्षरं कधी वाचलीत? बहुतेक बांधानी हिंगात गव्हाचं पीठ किंवा मैदा असतो. वर्षानुवर्षं आमटीची फोडणी करणाऱ्या माझ्या सासूबाईंना हे माहीत नव्हतं, मलाही नव्हतं. कळलं ते वाचूनच.

बाकीच्या मुद्द्यांवर लिहीत बसत नाही. प्रश्न विचारलात तर जरूर उत्तर देईन. आयांचा उद्धार करणारी प्रतिक्रिया मात्र पुढच्या वेळी इथे राहणार नाही.