शांत वाराही पुसला जातो का? एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. रडारनं वारा मोजण्यावरच्या माझ्या लेखावरची आपली प्रतिक्रिया दोनदा वाचली. (रडारकडे परत आलेल्या लहरी वेगानुसार मांडल्या की वर्णपट होतो; त्यात स्थिर वस्तू शून्यावर येतात.) "जमिनीवरचे प्रतिध्वनी घालवायला तुम्ही वर्णपटातला शून्याजवळचा भाग खोडता. मग वारा खरोखर पडलेला असेल तर तोही जाणार. ही आकड्यांची रंगसफेदी झाली," असं आपण म्हणता. पहिली दोन वाक्यं मान्य, तिसरं नाही.

"शून्यावरचं सरसकट काढावं" हे लेखातलं माझं वाक्य चूकच होतं. तिरुपतीजवळच्या गादंकीचं, वारा मोजणारं रडार घ्या. 53 मेगाहर्ट्झ, लहरलांबी सुमारे 5.66 मीटर. झोत उभ्यापासून 10 अंश कलवला, की सेकंदाला 10 मीटरचा वारा रडारला 1.7 मीटरचा दिसतो. डॉप्लर फरक, म्हणजे हालचालीमुळे लहरींच्या वारंवारतेत पडणारा बदल, भरतो 0.6 हर्ट्झ, म्हणजे शून्यापासून सहज वेगळा. सरळ वर सोडलेल्या झोतात मात्र हवेची चढउतार बहुतेक वेळा सेकंदाला काही सेंटिमीटरचीच. निरीक्षण 25 सेकंदांचं धरलं तर वर्णपटाचा एकेक खण, म्हणजे त्यातला सर्वांत लहान भाग, सेकंदाला 11 सेंटिमीटरचा होतो. म्हणजे मोजायची हालचाल नेमकी शून्याच्या खणात किंवा त्याला लागून. तो खण बुजवून शेजारच्यांची सरासरी भरली, की हाती काय उरणार? इथे आपण बरोबर आहात.

पण न खोडलेला वर्णपट जास्त खरा असतो, असं समजू नका. आजूबाजूचा डोंगर झोताच्या कडेच्या पाकळ्यांतून, म्हणजे मुख्य दिशेबाहेर सांडणाऱ्या क्षीण लहरींतून, रडारला दिसतो आणि हवेच्या क्षीण प्रतिध्वनीवर सहज मात करतो. गणकयंत्र मग डोंगरालाच वारा समजतं. पूर्वेकडे आणि पश्चिमेकडे कललेले झोत ताडून पाहिले तरी हे पकडता येत नाही, कारण दोन्ही शून्याकडेच ओढले जातात. मी अंतर बघतो: डोंगर जागा बदलत नाही. ऋतू कुठलाही असो, त्याच एका अंतरावर वारा मंदावत असेल, तर तो वारा नव्हे.

आणि शून्य हीच एक अडचण नाही. अमेरिकेतल्या 404 आणि 915 मेगाहर्ट्झच्या रडारांवर रात्री स्थलांतर करणाऱ्या पक्ष्यांचे थवे वारा म्हणून नोंदले जात होते. पक्षी स्वतःच्या वेगानं उडतात, त्यामुळे शून्याची रेघ पुसून काहीच साधत नाही. ते वेगळे काढायचे तर सरासरी घेण्याआधीचे सुटे वर्णपट लागतात. एकदा सरासरीत मिसळले की पक्षी आणि हवा वेगळी करणं फार अवघड.

म्हणून सुटे, न खोडलेले वर्णपट जपून ठेवावेत, असा माझा आग्रह आहे. लेखातलं ते वाक्य आज बदललं आहे. उभ्या झोताला शून्य-सफाई लावू नये, असं तिथे लिहिलं आहे.