सात आठवड्यांच्या गिलाव्यावर विनाइल लावायला नको होतं

नमस्कार. तुमचा अभिप्राय वाचला आणि कामाच्या वहीतली तुमच्या घराची पानं काढून पुन्हा पाहिली. तुमच्या तक्रारी तीन आहेत. बेडरूमचा वॉलपेपर चार महिन्यांत सांध्यांवर सुटला आणि मागे काळे डाग निघाले. हॉलच्या भिंतीवर लाटा दिसतात. आणि तीन रोलच्या भिंतीला आम्ही पाच रोल दिले. पहिल्या दोन्ही बाबतींत चूक आमची आहे. तिसऱ्याबद्दल थोडं सांगायचं आहे.

वॉलपेपर हलका दिला, असं तुम्ही लिहिलंय. तो हलका नव्हता. जाड विनाइलचा, म्हणजे वर प्लास्टिकचा थर असलेला, ओल्या फडक्याने पुसता येणारा होता, आणि घोळ तिथेच झाला. ती भिंत बाहेरच्या बाजूची, गिलावा होऊन जेमतेम सात आठवडे झालेले. २८ दिवस उलटून गेलेत, असं आमचा कारागीर म्हणाला आणि मी ते मान्य केलं. पण २८ दिवस हा सिमेंटने ताकद धरण्याचा हिशोब. विटा आणि गिलाव्यातलं पाणी निघून जायला त्याहून कितीतरी जास्त वेळ लागू शकतो. वरून कोरडी दिसणारी भिंत आतून ओली असू शकते. तुमच्या भिंतीतली ओल बाहेर पडताना विनाइलच्या प्लास्टिकपाशी अडली, पेस्ट मऊ पडली, सांधे उघडले आणि मागे बुरशी धरली.

हे आधी कळण्यासारखं होतं. दीड फुटाचा प्लास्टिकचा चौकोन चारही कडांनी टेप लावून भिंतीवर एक दिवस ठेवायचा. आत थेंब जमले किंवा तेवढा गिलावा गडद पडला, तर थांबायचं. इतकं सोपं आहे. ओल मोजायचं मीटरही आमच्याकडे आहे, ते त्या दिवशी कुणी पिशवीतून काढलं नाही. तुम्हाला राहायला जायची घाई होती, पण थांबा म्हणून सांगणं माझं काम होतं. ते मी केलं नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

हॉलमध्ये तुम्हाला पुसता येणारा रंग हवा होता, म्हणून आम्ही सेमी-ग्लॉस, म्हणजे थोडी चकाकी असलेला, सुचवला. त्या लांब भिंतीच्या टोकाला मोठी खिडकी आहे. उजेड भिंतीला घासत तिरपा येतो, आणि चकाकी असली की पुट्टीतला बारीकसा उंचवटाही सावली टाकतो. तळहाताएवढ्या नमुन्यावर हे दिसणं शक्यच नाही. पुट्टी घासून झाल्यावर भिंतीला दिवा टेकवून पाहायला हवं होतं, आणि रंग पुसता येणाऱ्या मॅटमध्ये, म्हणजे बिनचकाकीचा, द्यायला हवा होता.

आता रोल. बेडरूमची भिंत ४.२ मीटर रुंद, ३.२ मीटर उंच. क्षेत्रफळाने भागलं तर तीन रोल पुरतात, तुमचं गणित बरोबर आहे. पण रोल ५३ सेंटिमीटर रुंद आणि १०.०५ मीटर लांब, म्हणजे उभे आठ पट्टे लागतात. साध्या कागदात एका रोलमधून तीन पट्टे निघतात. तुमच्या कागदावरची वेल दर ६४ सेंटिमीटरला पुन्हा येते. ती सांध्यावर जुळवायची आणि वर-खाली कापायला थोडा कागद ठेवायचा, तर प्रत्येक पट्ट्याला ३.८४ मीटर कागद जातो आणि रोलमधून दोनच पट्टे मिळतात. म्हणून चार रोल. पाचवा त्याच बॅचचा जादा दिला, कारण नंतरच्या बॅचमध्ये छटा बदलू शकते. मात्र तो तुम्हाला न विचारता बिलात धरला, हे चुकलं. त्याचे पैसे परत करतो. रोल तुमच्याकडेच राहू द्या.

बेडरूमचा सगळा कागद आम्ही काढू, बुरशी साफ करू आणि भिंत उघडी ठेवू. दर महिन्याला मीटर लावू, आकडे तुम्हाला दाखवू. सुकल्यावर तिथे क्षारांपुढे टिकणारा प्रायमर आणि वाफ बाहेर जाऊ देणारा मॅट रंग लावावा, असं माझं मत आहे. वेलीचा कागद तुम्हाला फार आवडला होता, हे मला आठवतंय. तो दोन खोल्यांमधल्या आतल्या भिंतीवर नव्याने लावून देईन, पण तीही आधी मोजूनच. हॉलची पुट्टी घासून रंग पुन्हा करू. सगळा खर्च आमचा.

आम्ही येईपर्यंत सुटलेले सांधे पुन्हा चिकटवू नका, ओल आणखी कोंडेल. पलंग त्या भिंतीपासून वीतभर पुढे ओढा आणि दिवसा खिडकी उघडी ठेवा.