'जुन्या कॉम्प्युटरवर दोन सिस्टिम नकोत' या मेसेजला उत्तर

बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या विद्यार्थ्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय. 'विंडोजच्या शेजारी लिनक्स टाकू नका. विंडोज उडतं, मशीनचा वेग निम्मा होतो, हार्डडिस्क खराब होते, मराठी टाइप होत नाही. जुना कॉम्प्युटर काढून नवा घ्या.' तो वाचून येळ्ळूरच्या एका मुलीनं इंजिनिअरिंगच्या पहिल्याच वर्षी घरात नव्या लॅपटॉपचा विषय काढला. तिचा जुना लॅपटॉप धडधाकट आहे. म्हणून हे लिहितोय.

वेगाचं म्हणणं आधी. ड्युअल बूटमध्ये, म्हणजे एकाच मशीनवर विंडोज आणि लिनक्स अशा दोन सिस्टिम असताना, एका वेळी एकच चालते. दुसरी डिस्कवर नुसती पडून असते, रॅम किंवा प्रोसेसरला हातही लावत नाही. जाते ती फक्त जागा. उबुंटू या लिनक्सच्या प्रकाराला 25 जीबी तरी लागते, मी 60 सोडतो.

हार्डडिस्क खराब होते म्हणे. पार्टिशन म्हणजे डिस्कवरच्या नोंदीत हद्द बदलणं. उताऱ्यावर पोटहिस्सा पडला म्हणून जमीन नापीक होत नाही. धोका आहे तो हद्द सरकवतानाचा. त्या वेळी डेटा खरोखर जागा बदलत असतो आणि मध्येच लाईट गेली तर फाइली जाऊ शकतात. खानापूरकडं पावसाळ्यात काय होतं ते सांगायला नको. यूपीएस नसलेल्या डेस्कटॉपवर हे काम करूच नका. लॅपटॉपची बॅटरी पूर्ण भरून, चार्जर लावून, विंडोजच्याच डिस्क मॅनेजमेंटमधून जागा मोकळी करा.

'विंडोज उडतं' ही भीती मात्र हवेतून आलेली नाही. उडालेली मशीनं मी पाहिली आहेत. बहुतेक वेळा इन्स्टॉल करताना 'सगळी डिस्क पुसा' हा पर्याय निवडलेला असतो. दुसरं कारण बिटलॉकर, म्हणजे डिस्कला लागलेलं विंडोजचं कुलूप. माझ्या भाच्याच्या लॅपटॉपवर बूटची सेटिंग बदलली आणि निळ्या पडद्यावर 48 आकडी रिकव्हरी की मागितली गेली. डेटा जागच्या जागी होता, पण ती रिकव्हरी की कुठं आहे हे कुणालाच ठाऊक नव्हतं. शेवटी त्याच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात ती सापडली. ती की आधी कागदावर लिहून ठेवा, फाइलींची प्रत बाहेरच्या डिस्कवर घ्या, फास्ट स्टार्टअप बंद करा. हे शेवटचं पुष्कळजण विसरतात. ते चालू असताना विंडोज पूर्ण बंद होतच नाही, अर्धवट झोपतं, आणि लिनक्समधून त्या ड्राइव्हवर लिहिणं धोक्याचं ठरतं.

उलटाही प्रकार घडला आहे. 2024 च्या ऑगस्टमधल्या विंडोज अपडेटनंतर काही ड्युअल बूट मशीनांवर लिनक्सच उघडेना. मायक्रोसॉफ्टनं ते मान्यही केलं. मेसेजमध्ये याचा उल्लेख नाही.

मराठीचं म्हणाल तर उबुंटूत कीबोर्डच्या यादीत मराठी निवडायची, इनस्क्रिप्ट हा भारतीय लिप्यांचा कीबोर्ड सुरू. कन्नडही तसंच जोडता येतं, आणि आपल्या मुलांना दोन्ही लिपी लागतात. पण अडचण कुठं येते तेही सांगतो. श्रीलिपीच्या जुन्या फॉन्टमधली पत्रिका किंवा नुडी या कन्नड टायपिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये केलेला अर्ज उघडायचा तर विंडोजच बरं. म्हणून तर मी विंडोज पुसायला सांगत नाही, शेजारी ठेवायला सांगतो.

आता 'नवा घ्या'. विंडोज 10 चा नेहमीचा सपोर्ट 14 ऑक्टोबर 2025 ला संपला आणि विंडोज 11 ला टीपीएम 2.0 ही सुरक्षेची सोय मशीनमध्ये लागते, जी बऱ्याच जुन्या मशीनांत नाही. अशा वेळी ब्राउझिंग आणि प्रोग्रामिंग चालू सुरक्षा अपडेट मिळणाऱ्या लिनक्सवर करावं, विंडोज फक्त त्याच्याशिवाय न चालणाऱ्या कामापुरतं उघडावं. उसाचं बिल हातात यायच्या आधीच घरात लॅपटॉपचा हप्ता सुरू होऊ नये, एवढं तरी यानं टळतं.

येळ्ळूरच्या त्या लॅपटॉपवर गेल्या रविवारी दोन्ही सिस्टिम बसल्या. संध्याकाळी तिचा फोन आला, 'दादा, विंडोजचं घड्याळ साडेपाच तास मागं गेलंय, बिघडलं काय?' बिघडलेलं नव्हतं. लिनक्स मशीनच्या घड्याळात जागतिक वेळ ठेवतं आणि विंडोज तीच भारतीय वेळ समजून दाखवतं. लिनक्समध्ये एक कमांड दिली आणि दोन्हीकडं वेळ जुळली.