वंदे भारत सांगलीला थांबली, आता लोकलचं बघा

मी सांगलीचा, सध्या जर्मनीत श्टुटगार्टजवळ ब्योब्लिंगनला राहतो. गावाकडच्या मित्रांशी रेल्वेचा विषय निघाला की सगळं एकाच गोष्टीवर येतं, कुठली एक्सप्रेस सांगलीला थांबते आणि कुठली नुसती मिरजेला. सप्टेंबर 2024 मध्ये कोल्हापूर-पुणे वंदे भारत सुरू झाली, सांगली, किर्लोस्करवाडी, कराड, सातारा सगळीकडे थांबा मिळाला, लई बरं झालं. पण ती आठवड्यातनं तीन दिवस, आणि भिलवडीवरनं रोज मिरजेच्या दवाखान्यात ड्युटीला येणाऱ्या नर्सला तिचा काय उपयोग?

इथलं माझं स्टेशन काही भारी नाही, पण दिवसा बहुतेक वेळ दर पंधरा मिनिटांनी लोकल आहे, बाहेर आलं की समोरच बसस्टँड, आणि गाडीचं तिकीट बसलाही चालतं. 2023 मध्ये 49 युरोत महिन्याचा पास सुरू झाला, देशभरच्या लोकल, ट्राम, बस सगळ्याला एकच (आता तो 63 वर गेलाय, लोक कुरकुरतात). वेळेचं मात्र इथलं कौतुक करू नका, 2024 मध्ये लांब पल्ल्याच्या तीनातली एक तरी गाडी लेट होती आणि त्याच वर्षी जानेवारीत रेल्वे ड्रायव्हरांचा पाच दिवस संप झाला. तरी लोक लोकल सोडत नाहीत कारण एक चुकली तर दुसरी येणार हे माहीत असतं.

आपल्याकडं तेच नाही. तिकीट स्वस्त आहे, कोरोनात पॅसेंजरचं कमीत कमी भाडं 10 चं 30 केलेलं ते 2024 मध्ये परत 10 वर आलं, पण गाड्याच बोटावर मोजण्याइतक्या, आणि सातारा स्टेशन तर तिकडं माहुलीला, रिक्षालाच तिकिटाच्या कितीतरी पट जातात, मग माणूस सरळ एसटी स्टँड गाठतो. पॅसेंजर रिकाम्या धावतात असं काहीजण म्हणतात, अहो पण कॉलेजची, शिफ्टची वेळ जुळत नसेल तर बसणार कोण? वालचंद, विलिंग्डन कॉलेजची पोरं विश्रामबागलाच उतरायची असतात, तिथं स्टेशन आहे की!

पूर्वी सिंगल लाइनचं कारण खरं होतं, एक्सप्रेसला वाट द्यायला पॅसेंजर क्रॉसिंगला ताटकळायची. आता पुणे-मिरज लाइनीवर वीज आलीय, बहुतेक ठिकाणी दुसरा रूळही पडलाय, आणि ही मोकळी झालेली जागा सगळी एक्सप्रेसनंच खाल्ली तर मला फार वाईट वाटेल. पुढचं निवेदन खासदारांना द्याल तेव्हा त्यात एवढं लिहाच: किर्लोस्करवाडी ते कोल्हापूर सकाळी 7 ते 10 आणि संध्याकाळी 5 ते 8 दर तासाला मेमू (विजेवरची लोकल), आमणापूर, नांद्रे, विश्रामबाग सगळीकडं थांबा, आणि गाडीच्या वेळेला स्टेशनच्या दारात एसटीची सिटी बस उभी.